वाड्यावाड्यावर गेलेली हाळी

आटपाडीच्या स्टँडवर अंजना बनसोडे या कंडक्टरबाईंचं नाव निघालं, की ज्योतिबा करगळ बसल्या जागी सावरून बसतो. एरवी हा गडी कुणाला सहजासहजी मोठं म्हणणारा नव्हे. आमदार आला तरी तंबाखू मळता मळताच राम राम घालतो. पण कंडक्टरबाई म्हटलं की तंबाखू बाजूला. "त्या बाईंनी माजं घर वाचवलं," एवढंच म्हणतो. कसं वाचवलं ते विचारलं तर आधी स्वतःची चूक सांगावी लागते, आणि तीही तो सांगतो. हे त्याच्यात पूर्वी नव्हतं.

बाईंशी त्याची पहिली गाठ भांडणातच पडली होती. ज्योतिबानं ताप आलेलं कोकरू घोंगड्यात गुंडाळून एसटीत आणलं होतं. बाई तिकीट मशिन घेऊन पुढ्यात आल्या.

"घोंगड्यात काय हाय, तात्या?"

"नातू हाय. ताप आलाय."

नातवानं तेवढ्यात तोंड बाहेर काढलं आणि बें केलं. सगळी गाडी हसली. बाई हसल्या नाहीत. "नातवाला खिडकीकडं घ्या, वारं लागंल," म्हणाल्या आणि पुढं गेल्या. तेव्हाच ज्योतिबाच्या मनात आलं होतं, की ही बाई नियम जाणते आणि जीवसुद्धा जाणते.

अंजनाबाई जत तालुक्यातल्या. बाप धोंडिराम रस्त्यावरचा मैलकुली. खडी पसरायची, खड्डे बुजवायचे, उन्हात डांबर टाकायचं. बापानं केलेल्या रस्त्यावरनं जाणाऱ्या एसट्या बघत त्या मोठ्या झाल्या. जतला आजूबाजूला कानडी, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात मधूनच कानडी हेल येतो. चिडल्या तर तो जास्त येतो, मग पोरं समजून घेतात. नवरा मिलिंद सांगलीत वायरमन, पोरगी अक्षता तिथंच नर्सिंगला. बाई एकट्या आटपाडीत खोली करून राहतात. बाभूळवस्तीच्या फाट्यावरनं जाणारी सकाळची कॉलेजची गाडी चारेक वर्षं त्यांच्याकडंच आहे. कुठल्या पोराचा पास कधी संपतो, कुणाची आई आजारी, कोण पेपराच्या दिवशी उपाशी येतं, सगळं त्यांना पाठ.

त्याच गाडीनं ज्योतिबाची सोनम बारावीला जायची.

आता हाळीचं सांगितलं पाहिजे. धनगराच्या घराघराची हाळी वेगळी असते. मेंढरं गोळा करताना गळ्यातनं जो आवाज काढतात, तो. करगळांची हाळी लांब, मधे तुटणारी, शेवटाला वर चढणारी. दुसऱ्या घराची हाळी ऐकून करगळांचं मेंढरू मान वर करत नाही. शहरात कामाला गेलेल्या ज्योतिबाच्या दोन पोरांना ती काही जमली नाही, सोनमला मात्र आठव्या वर्षी आली. ती बांधावर उभी राहून हाळी द्यायची आणि माळाच्या पलीकडनं मेंढरांचं सगळं खांड धुरळा उडवत यायचं. ज्योतिबा तोंडानं काही म्हणायचा नाही, पण त्या वेळी हातातलं काम थांबवून बघायचा.

दिवाळीच्या सुट्टीत ती अशीच रस्त्याकडेला मेंढरं वळवत होती. मोटारसायकलीवरनं जाणाऱ्या पोरांनी फोनवर शूटिंग केलं. पुढं त्यातल्या कुणीतरी तिच्या तोंडाचा भाग हळू केला, खाली डीजेचा ठोका लावला, मेंढरांचं बेंबें मिसळलं आणि 'फाट्यावरची पोरं' नावाच्या सोशल मीडियावरल्या पानावर टाकून दिलं. खाली शेकड्यानं शेरे. अर्धे हसणारे, बाकीचे सांगण्याजोगे नाहीत.

सुट्टी संपून सोनम कॉलेजला गेली तर वर्गात कुणाचातरी फोन वाजला आणि त्यातनं तिचाच आवाज आला. पोरांनी तिची हाळी रिंगटोन करून टाकली होती. मग रोज. कॅन्टीनमधे, पायऱ्यांवर, गाडीत मागल्या शिटावर. एकाचा वाजला की दुसरा आपला वाजवायचा. तिनं पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. मग वेणी पदराखाली झाकावी तसा चेहरा ओढणीखाली झाकायला लागली. मग एक दिवस सकाळी म्हणाली, "आज सुट्टी हाय." दुसऱ्या दिवशीही सुट्टी. तिसऱ्या दिवशीही.

ज्योतिबाला मेंढराचं दुखणं डोळ्यांवरनं कळतं. पोरीचं कळायला आठवडा लागला. तेही साताऱ्याला कंपनीत असलेला पुतण्या अमृत सुट्टीवर आला आणि त्यानं फोन पुढं केला, म्हणून.

"काका, हे बगितलं का?"

ज्योतिबानं बघितलं. एकदा, दोनदा. कानशिलं तापली. पोरीला हाक मारावी, जवळ बसवावं, हे त्याला सुचलं नाही. त्याला सुचलं ते पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेलं. मेंढरू हरवलं तर धनगर काय करतो? वाड्यावाड्यावर सांगावा धाडतो. वाडा म्हणजे रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून बसवलेला मेंढरांचा तळ. दिवाळीनंतर निम्मी भावकी कृष्णाकाठाकडं सरकलेली असते. कुणी कराडपाशी, कुणी मलकापूरच्या अंगाला, कुणी खाली जतकडं. एका वाड्यावर सांगितलं की सांज व्हायच्या आत सगळीकडं पोचतं, आणि कुठंतरी कुणीतरी म्हणतं, व्हय, असलं कानाला खाच असलेलं मेंढरू आमी बगितलं. चोर सापडतो. शंभर वर्षं असंच सापडत आलाय.

ज्योतिबानं तेच केलं. तो व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर टाकला, वाड्यांच्या ग्रुपवर टाकला, सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. आणि खाली आपल्या आवाजात बोलला, "ही आमची सोनम हाय. हे कुनी केलंय त्याला वळखा. समद्यानला पाठवा. एक बी वाडा सोडू नगा."

लोकांनी सोडला नाही.

दुपारपर्यंत फोन यायला लागले. चोराचा पत्ता कुणाकडंच नव्हता. जतकडचा मावसभाऊ हसत म्हणाला, "गड्या, तुजी पोर लय फेमस झाली की!" एका सोयऱ्यानं विचारलं, "पोरगी रस्त्यावर वरडत का फिरती रं?" मलकापुराकडनं थोरला भाऊ आप्पासोचा फोन आला. तो सरळ मुद्द्यावर. "आता कॉलेज बास. अठरा भरायला चार म्हैनं ऱ्हायल्यात. मी हिकडं एक स्थळ बगून ठेवतो. संक्रांतीला बोलून टाकू."

संध्याकाळी सोनम चुलीपाशी आली. हातात आईचा, मंगलचा फोन. तिच्या मामीनं मंगललाही तो व्हिडिओ पाठवला होता, सोबत ज्योतिबाचा आवाज.

"तात्या, कॉलेजात तीनशे पोरांनी बगितलं हुतं," ती म्हणाली. "आता आजोळी बी बगितलं. तुमी दावलं."

ज्योतिबा म्हणाला, "आगं, चोर धराय…"

"मला कोन धरतंय?"

एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवसापासनं ती मेंढरांमागं गेली नाही, की घराच्या उंबऱ्याबाहेर फारशी आली नाही. जानेवारीत बारावीची प्रात्यक्षिकं, फेब्रुवारीत परीक्षा. ती म्हणाली, "मी बसत न्हाई परीक्षेला." मंगल रडली, समजावून थकली, चिडली. पोरगी भिंतीगत. तिकडं आप्पासो स्थळाचा तपास करत होता. दोन्हीकडनं दोर एकाच बाजूला ओढला जात होता.

फाट्यावर एके सकाळी ज्योतिबा मेंढरं रस्ता ओलांडून नेत होता. एसटी येऊन थांबली. ड्रायव्हर नानासोनं हॉर्न वाजवला. मागल्या दारातनं अंजनाबाई उतरल्या आणि थेट मेंढरांतनं वाट काढत आल्या.

"तात्या, सोनम कुठाय? धा दिस झालं."

"आजारी हाय."

"आजारी न्हाई. आजारी पोरगी पास वाढवाय आई-बापाला धाडती. तुमी तर माज्या डोळ्याला डोळा बी भिडवत न्हाई."

नानासोनं पुन्हा हॉर्न दिला. "आवं बाई, मेंढरं गेली, तुमी आजून हितंच!"

"आले रं!" बाई वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "माजी सुट्टी बेस्तरवारी. मी वस्तीवर येते. मंगलताईला सांगून ठिवा."

गुरुवारी बाई वडापच्या जीपनं आल्या. गणवेश नव्हता, म्हणून कुत्र्यानं पहिल्यांदा ओळखलं नाही. घोंगडं टाकलं, चहा झाला. बाईंनी विचारलं, "तुमाला कवा कळलं? मग तुमी काय केलं?" ज्योतिबानं सगळं सांगितलं. सांगताना सुरुवातीला आवाजात जरा ताठा होता. एक वाडा सोडला न्हाई म्हणताना तर अजूनच.

बाईंनी कपाळावर हात मारला. कानडी हेल आला.

"आवो तात्या, मेंढरू हरवलं की सांगावा धाडत्यात. हितं मेंढरू तुमच्या घरातच बसलं हुतं की! तुमी त्याला धरून वाड्यावाड्यावर नेऊन दावलं, बगा बगा म्हनून!"

ज्योतिबानं चहाचा रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मग म्या आन त्या पोरांत फरक काय ऱ्हायला?"

"फरक हाय. त्यांनी हसाय केलं, तुमी रागानं केलं. पन पोरीला दोन्हीचा चटका सारकाच बसला." बाईंचा आवाज खाली आला. "आन मी बी धुतल्या तांदळाची न्हाई. गाडीत मागं ते वाजायचं, मी आयकायची. पोरांची मस्करी म्हनून तिकिटं फाडत ऱ्हायले. आठ दिस माज्या डोळ्यासमूर पोर खिडकीला कपाळ टेकून बसायची. मला विचारावं वाटलं न्हाई."

मग त्यांनी आपल्या अक्षताचं सांगितलं. सांगलीत अकरावीला असताना तिच्या नावानं कुणीतरी खोटं खातं काढलं होतं. बाईंना कळल्यावर त्यांनी काय केलं, तर तिचा फोन काढून घेतला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. "मला वाटलं, जखम झाकली. पोरीला वाटलं, मार तिलाच बसला. पुढं वरीसभर ती मला काय सांगायची बंद झाली. म्हनून सांगते, सोनमचा फोन काढून घिऊ नका. आन तिला विचारल्याबिगर पुढलं एक पाऊल टाकू नका."

बाई उठल्या आणि आत सोनमजवळ जाऊन बसल्या. ज्योतिबा दाराबाहेर. त्याला ऐकू येत होतं.

"तुला काय पायजे, बाळ?"

मंगल नंतर सांगते, पोरीनं पहिल्यांदा मान वर केली ती तेव्हा. इतक्या दिवसांत तिला गप बस, रडू नको, कॉलेज सोड, कॉलेज सोडू नको, हे सगळं सांगून झालं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"मारामारी नगं," सोनम म्हणाली. "पेपरात बी नगं. ते वाजायचं बंद व्हाय पायजे. आन ज्यानं केलं त्यानं माज्या तोंडावर सांगाय पायजे. फोनवर न्हाई."

"आन परीक्षा?"

"ते बंद झालं तर."

त्याच दुपारी सगळी कामाला लागली. बाईंनी सोनमला ते पान उघडायला लावलं. व्हिडिओ, शेरे, तारखा, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवले, कारण उद्या कुणी पुसून टाकलं तर आपल्या हातात काहीतरी पाहिजे. मग सोनमनंच ॲपवर तक्रार नोंदवली. लहान मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर बाईंनी भिंतीवर खडूनं लिहून दिला, "रात्री-अपरात्री बी लागतो, मला फोन लागला न्हाई तर हितं लाव." शेरे वाईट होते, ते पोलिसांच्या सायबर शाखेकडं द्यायचे का, हे त्यांनी सोनमवर सोडलं. ती म्हणाली, पहिलं कॉलेजात सांगू, न्हाई जमलं तर तिकडं.

मग बाई ज्योतिबाकडं वळल्या. "तुमची हाळी परत बोलवा आता."

हे सगळ्यात अवघड होतं. धनगराचा बाप्या भावकीत चूक कबूल करतो म्हणजे काय, ते दुसऱ्याला कळायचं नाही. ज्योतिबा बांधावर गेला, फोन तोंडाशी धरला, खाली केला, पुन्हा धरला. शेवटी बोलला, "म्या ज्योतिबा बोलतुय. म्या टाकलेला सोनमचा व्हिडिओ पुसा. म्होरं पाठवू नगा. चूक माजी हाय. पोरीची न्हाई. ज्यानं पुसला त्यानं मला फोन करून सांगा, म्या वाट बगतुय." तोच सांगावा सगळ्या ग्रुपवर. आणि जे ग्रुपवर बोलले नाहीत, त्यांना एकेकाला फोन. दोन दिवस मेंढरांमागं हिंडता हिंडता हाच उद्योग. निम्म्यांनी मुकाट्यानं पुसला. काहींनी चेष्टा केली. मावसभाऊ म्हणाला, "येवढं काय त्यात?" ज्योतिबा म्हणाला, "तुज्या पोरीचा टाकू का?" त्यानं तिथल्या तिथं पुसला.

सोमवारी सोनम फाट्यावर आली. मंगल सोबत होती. गाडीत चढली आणि बाईंच्या शेजारच्या शिटावर बसली. दोन किलोमीटर सुद्धा झालं नसेल, मागनं हाळी वाजली. डीजेसकट.

बाईंनी घंटीची दोरी एकदा ओढली. नानासोनं गाडी बाजूला घेतली. आजूबाजूला नुसता माळ, झाड म्हणाल तर एक बाभळ.

"काय झालं वो बाई?" कुणीतरी ओरडलं.

"काय न्हाई. मागं जे वाजतंय ते समद्यानला नीट आयकू यावं म्हनून हिंजन बंद केलंय. वाजवा की परत."

बाजाराला निघालेली एक म्हातारी म्हणाली, "आगं बाय, मला वाटलं गानं हाय ते!"

"गानं न्हाई, आजी. ही हितं बसलीया त्या पोरीचा आवाज हाय. तिला न विचारता चोरून घेतलाय. म्हैनाभर ह्या गाडीत वाजतोय आन आपन समदी आयकतोय. मी बी."

म्हातारी उठून मागं वळली. "कोन हाय रं ते? तुज्या आयला सांगू का?" पोरांच्या माना खाली. बाईंनी दोनदा घंटी दिली. गाडी निघाली. पुढं आटपाडीपर्यंत एकही फोन वाजला नाही.

स्टँडवर सगळे उतरल्यावर एक पोरगा दाराशी घुटमळला. ऋषिराज. सोनमच्याच वर्गातला.

"मावशी, शूटिंग म्या केलतं. डीजे लावून टाकलं ते रविराजदादानं. म्या त्याला टाकू नगं म्हनलं न्हाई."

"मला सांगून काय उपेग? जिला सांगायचं तिला सांग. कॉलेजात, सरांसमूर."

बुधवारी प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. आप्पासो मलकापुराहून आला होता, हातात काठी. ऋषिराजचा बाप लालासाहेब, इस्त्रीच्या कपड्यात. पान चालवणारा रविराज, पुढल्या वर्षातला, भिंतीला टेकलेला.

लालासाहेब म्हणाला, "पोरांची गंमत हाय सर. येवढं मनावर काय घ्यायचं?"

सोनम म्हणाली, "गंमत आसती तर मला बी हसू आलं आसतं."

आप्पासो काठी आपटून उठला, "हसू कसं येतंय ते म्या दावतो ह्यास्नी…"

ज्योतिबानं भावाचा हात धरला. "दादा, काठी उचलायची तर पैली माज्यावर. ह्या पोरांनी गावभर केलं, म्या तालुक्याबाहीर केलं. आन पोरीनं सांगितलंय, मारामारी नगं. हितं तिचं चालल."

आप्पासोनं आयुष्यात पहिल्यांदा धाकट्या भावाचं ऐकलं, का नुसता दमून बसला, ते सांगता येत नाही. पण बसला. आणि संक्रांतीच्या स्थळाचं पुन्हा तोंडातनं काढलं नाही.

ऋषिराज सोनमपुढं उभा राहून बोलला, अडखळत, पण बोलला. रविराजला जास्त वेळ लागला. प्राचार्यांनी स्क्रीनशॉट पुढं ठेवले आणि पुन्हा असं झालं तर हे कागद कुठं जातील ते सांगितलं, तेव्हा त्यानं तिथंच फोन काढून व्हिडिओ पुसला, पान बंद केलं. वर्गावर्गात सरांनी जाऊन रिंगटोन काढायला लावल्या. सगळं पुसलं गेलं असं कुणी म्हणू नये. कुठल्यातरी वाड्यावर, कुठल्यातरी फोनमधे तो तुकडा अजून असेल. सोनमलाही ते ठाऊक आहे. पण वाजवणारा आता आधी आजूबाजूला बघतो, आणि शेजारचा गप बसत नाही, एवढं झालं.

ज्योतिबानं बाईंना काहीतरी द्यावं म्हणून लय विचार केला. शेवटी स्टँडवर जाऊन म्हणाला, "बाई, तुमचं उपकार कसं फेडू?"

"फेडू नका. पुढल्या येळंला कुनाच्या पोरीचं कायबी तुमच्या फोनवर आलं, तर तिथंच अडवा. म्होरं जाऊ दिऊ नका. एवढं जमंल?"

"जमंल," ज्योतिबा म्हणाला. आणि त्या महिन्यातच जमवलं. सोयऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी दुसऱ्या वस्तीवरल्या पोराचा नाचताना पडल्याचा व्हिडिओ टाकला. ज्योतिबानं टाकणाऱ्याला फोन लावला आणि म्हणाला, "पुस. त्या पोराला इचारलं का तू? मग पुस." वीस माणसं त्याला हसली. त्यानं हसू दिलं.

फेब्रुवारीत बारावीचा पहिला पेपर. नेमकी त्या दिवशी अंजनाबाईंची सुट्टी. अक्षताला भेटायला त्या सांगलीला गेलेल्या. मंगल म्हणाली, एकटी जाऊ नगं. ज्योतिबा म्हणाला, म्या येतो. सोनम म्हणाली, नगं, मेंढरं कोन बगंल. आणि एकटीच फाट्यावर जाऊन गाडीत बसली.

दुपारी परत आली तेव्हा मंगल ज्वारीच्या भाकरी थापत होती.

"गाडीत कोन कंडक्टर हुतं गं?"

"दुसरंच कोनतरी. बाप्या हुता. मला जागा मिळाली न्हाई, उभीच गेले."

"कोन काय बोललं?"

"कोन बोलनार? समदी इंग्रजीची पुस्तकं वाचत हुती," सोनम म्हणाली, आणि हात धुवून भाकरीला बसली. "पेपर सोपा हुता. निबंध तेवढा ऱ्हायला थोडा."

ज्योतिबानं बांधावर जाऊन सांगलीला फोन लावला. पलीकडनं बाईंनी पहिलंच विचारलं, "कसा गेला?"

"सोपा," ज्योतिबा म्हणाला. अजून काहीतरी म्हणायचं होतं, पण मेंढरं पिकात शिरल्याचं सांगून त्यानं फोन ठेवला.